दुकानातून विंडोज ११ टाकून आणलं आणि डेस्कटॉपवरचे वडिलांचे सगळे फोटो गेले. परत मिळतील का?

ताई, आधी लॅपटॉप बंद करा आणि हे उत्तर मोबाइलवर वाचा. तुमचे वडील आता नाहीत आणि त्या फोटोंची दुसरी प्रत नाही, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून घाईने लिहितोय.

विंडोज टाकताना होणाऱ्या फॉरमॅटमध्ये साध्या हार्ड डिस्कवरची फाइल लगेच पुसली जात नाही. ती कुठे ठेवलीय याची नोंद तेवढी जाते. ती जागा मोकळी समजून विंडोज तिथे दुसरं काही लिहितं, तेव्हा फाइल खरी जाते. तुम्ही नुसता ब्राउझर उघडलात किंवा मागे अपडेट उतरत राहिलं, तरी लिहिणं चालूच असतं.

आता दुकानदाराला फोन करून दोन गोष्टी विचारा. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, की जुन्यावरच नवीन टाकलं? आणि आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क?

फॉरमॅट केला नसेल तर बहुतेक काम सोपं आहे. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर असेल. त्यात यूजर्स, मग तुमचं जुनं नाव, मग डेस्कटॉप. परवानगी नाही म्हणालं तर कंटिन्यू दाबा आणि सगळं थेट पेनड्राइव्हवर घ्या. हे आजच करा. साधारण १० दिवसांनी विंडोज ते फोल्डर आपोआप काढून टाकतं. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणूक, तिच्या वेबसाइटवरही मोबाइलवरून लॉगिन करून बघा. डेस्कटॉपचा बॅकअप आपल्याला न कळता चालू असलेला मी अनेकांकडे पाहिलाय.

फॉरमॅट झाला असेल आणि हार्ड डिस्क असेल, तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायची आणि तिथून फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवायचं. ते फुकट आहे. मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही साठवायच्या नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीही न चालवता डेटा रिकव्हरीच्या लॅबकडेच द्या.

हे मी स्वतः भोगलंय. सोलापुरात मी चादरीची जकार्ड, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची, डिझाइन करतो. आमचे अण्णा ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे. ते सगळे ग्राफ मी स्कॅन करून ठेवले होते आणि मूळ कागद एका पावसाळ्यात भिजून गेले. नंतर एका दुकानात मशीन फॉरमॅट झालं. फोटोरेकने हजारो फाइली काढून दिल्या, पण ते जुनी नावं आणि फोल्डर परत देत नाही. नुसतं एफ आणि पुढे आकडे. तीन रात्री मी एकेक फाइल उघडत बसलो. तिसऱ्या रात्री काठावरचा मोर सापडला, पिसाऱ्यात अण्णांनी पेन्सिलने केलेल्या दुरुस्तीसकट. काही फाइली अर्ध्याच उघडल्या, खाली राखाडी पट्टा. साधारण निम्मं परत आलं, पण आलं.

एसएसडी असेल आणि फॉरमॅटही झाला असेल, तर तुम्हाला खोटी आशा देणार नाही. तिथे मोकळी झालेली जागा ट्रिम नावाची सोय पुसायला लावते, मग सॉफ्टवेअरला फार काही सापडत नाही. जुना ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा-कुलपाने, बंद असेल तर आणखी अवघड. अशा वेळी ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. त्यापेक्षा भावंडांचे मोबाइल, व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो, कॅमेऱ्याचं जुनं कार्ड शोधा. कार्डावरून डिलीट केलेले फोटोही फोटोरेकने निघू शकतात, फक्त त्या कार्डावर नवीन फोटो काढू नका.

आणखी एक. वडिलांनी मराठीत टाइप केलेलं काही मिळालं आणि उघडल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं दिसली, तर फाइल खराब झाली समजून टाकून देऊ नका. जुनी मराठी बहुतेक श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असते आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसतो. फॉन्ट टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो.

दुकानदार काय म्हणाला ते कळवा, मी पुढचं सांगतो. डिस्क फॉरमॅट झाली असेल तर तोवर लॅपटॉप चालूच करू नका.