काळप्रवासाचा शेवट तपासताना

राजारामपुरीतल्या आपल्या बैठकीत तू ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) या व्हिडिओ गेमचा शेवट सरसकट चूक ठरवलास, म्हणून हे लिहीत आहे. कोणत्याही शेवटात विसंगती आहे असे म्हणण्यापूर्वी त्या गेमने काळाचा कोणता नियम स्वीकारला आहे, हे कागदावर लिहून काढ: भूतकाळ बदलला की एकच जग बदलते, नवी शाखा फुटते, की घडलेले अटळच असते?

‘ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) या गेममध्ये मोठा झालेला नायक लिंक पवनचक्कीतल्या वादकाकडून वादळाचे गाणे शिकतो आणि सात वर्षे मागे जाऊन त्यालाच ते ऐकवतो. ते मुळात रचले कोणी, याला उत्तर नाही. तरीही हे वर्तुळ स्वतःशी सुसंगत आहे. शेवटी राजकन्या झेल्डा लिंकला बालपणात परत पाठवते. तिथून कालरेषेच्या शाखा फुटल्याचे गेमची निर्माती कंपनी निन्टेंडोच्या २०११ च्या अधिकृत ग्रंथात आले, पण असे मागाहून दिलेले स्पष्टीकरण मी गेमच्या पदरात टाकत नाही.

‘इन्फिनिट’मध्ये मात्र असंख्य शाखा मान्य केल्या आहेत. नायक बुकर ज्या शाखांत बाप्तिस्मा घेतो, तिथे तोच पुढे खलनायक कॉमस्टॉक बनतो आणि दुसऱ्या शाखेतल्या बुकरची तान्ही मुलगी एलिझाबेथ हिला आपल्या जगात नेतो; त्यातूनच तिला जगांमधली दारे उघडण्याची शक्ती मिळते. शेवटी कॉमस्टॉक कधी घडूच नये म्हणून बुकरला बाप्तिस्म्याच्या जागी बुडवले जाते. मग कॉमस्टॉकच नसेल, तर बुडवणाऱ्या एलिझाबेथला ती शक्ती मिळाली कशी? तुझा आक्षेप योग्यच आहे, परंतु तो या प्रश्नावर उभा कर आणि श्रेयनामावलीनंतरचे, बुकर पुन्हा आपल्या खोलीत दिसतो ते छोटे दृश्य विचारात घेतल्याशिवाय निकाल देऊ नकोस.