जपानमध्ये शाकाहारी प्रवाशाला सुपरमार्केटमधून रोजच्या जेवणाची सोय करता येते का?

करता येते, आणि सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसनसारख्या कोनबिनींपेक्षा (कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांपेक्षा) स्वस्तात. टोकियो आणि क्योतोला आठवडाभर राहायचंय, दूध चालतं पण अंडं-मासे-मांस नाही, आणि जपानी येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. भाषेचं फार टेन्शन घेऊ नका, तिथे जवळजवळ न बोलता खरेदी होते. खरी मेहनत आहे ती पाकिटं वाचण्याची.

नकाशावर नुसतं ‘सुपरमार्केट’ शोधलंत तरी मुक्कामाच्या आसपास एखादं सापडेल. टोकियोत लाइफ, मारुएत्सु, सेइयु (सेइयुची बरीच दुकानं चोवीस तास उघडी असतात), क्योतोत फ्रेस्को. माइ बास्केट हे टोकियोत जागोजागी दिसणारं छोटं दुकान. दूध, दही, केळी, ब्रेड यांसाठी ठीक, पण तयार पदार्थांची निवड कमी. ग्योमु सुपर स्वस्त आहे, पण पुडे मोठे, त्यामुळे खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तरच जा.

आता पाकीट. मागच्या बाजूला एक चौकट असते. तिच्यात घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, मग एक तिरकी रेघ येते आणि तिच्यापुढे रंग, आम्लता नियंत्रक वगैरे. मासे-मांस शोधायचं ते मुख्यतः रेघेच्या अलीकडे. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये जपानी भाषा निघण्यापूर्वीच ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण तळघरातल्या दुकानांत रेंज जाते. कॅमेरा नुसता रोखून धरलात तर शब्द सारखे बदलत राहतात. प्लास्टिक अंगठ्याने ताणून सपाट करा, चकाकी जाईल असं तिरकं धरा, फोटो काढा आणि त्या फोटोचं भाषांतर करा. काही दुकानांत फोटो काढायला मनाई असते, पण ती मुख्यतः शेल्फांच्या आणि माणसांच्या फोटोंसाठी. एका पाकिटाचं लेबल वाचताना सहसा कोणी अडवत नाही.

अ‍ॅलर्जीच्या यादीवर मात्र विसंबू नका. शाकाहारी प्रवासी फसतात ते इथेच. कायद्याने मोजक्याच गोष्टी लिहिणं बंधनकारक आहे: कोळंबी, खेकडा, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, अंडं, दूध, शेंगदाणे, अक्रोड वगैरे. त्यामुळे अंड्यापुरती ती यादी भरवशाची. कोंबडी, डुक्कर, गाय आणि जिलेटिन ‘लिहिलं तर बरं’ या दुसऱ्या यादीत आहेत. आणि जपानी स्वयंपाकात सगळीकडे असणारा कात्सुओ, म्हणजे दाशीच्या (बहुतेक पदार्थांत घालतात त्या मूळ रश्श्याच्या) पाण्यातला सुकवलेला मासा, दोन्ही याद्यांत नाही. म्हणून घटकांची पूर्ण ओळ वाचावीच लागते. अ‍ॅप त्याला ‘बोनिटो’ किंवा ‘स्किपजॅक’ म्हणेल. ‘एक्स्ट्रॅक्ट’ दिसलं की त्याच्या आधी काय आहे ते पाहा: चिकन, पोर्क, मासा असेल तर ठेवून द्या, यीस्ट किंवा कोम्बु (समुद्री शेवाळ) असेल तर चालेल. ‘लार्ड’ आणि ‘जिलेटिन’ हेही शोधायचे शब्द.

निरुपद्रवी दिसणारे पदार्थच जास्त धोक्याचे. नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) डब्यातल्या सॉसच्या पुडीत बहुधा कात्सुओ असतो. सोयाबीन खा, पुडी टाका. इनारी-झुशीच्या, म्हणजे भात भरलेल्या, गोडसर तोफूच्या पिशव्या बहुधा दाशीत शिजवलेल्या असतात. ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यांत) उमे (खारवलेलं आंबट फळ) आणि कोम्बु हे प्रकार नावाने शाकाहारी, पण सारणात माशाचा अर्क सापडतो. नुसत्या मिठाची ओनिगिरी बहुधा बरी, तरी लेबल पाहाच. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) काही डब्यांत दाशी आधीच मिसळलेली असते. करीच्या वड्यांत बहुतेक वेळा गाय-डुकराची चरबी, झटपट नूडल्समध्ये जवळजवळ नेहमीच मांसाचा अर्क. बटाट्याच्या कोरोक्केत (तळलेल्या कटलेटमध्ये) बऱ्याचदा खिमा आणि पोटॅटो सॅलडमध्ये अंड्याचं मेयोनीज, बऱ्याचदा हॅमही. आणखी एक: ट्रेमध्ये सुटे ठेवलेले, चिमट्याने उचलायचे तळलेले पदार्थ घेऊ नका. सुट्या विक्रीला घटकांचं लेबल लावणं सक्तीचं नाही, आणि भाजीचा तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, कोळंबी तळलेल्याच तेलात तळलेला असू शकतो.

मग खायचं काय? शिजवलेल्या भाताचे २०० ग्रॅमचे हवाबंद डबे मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोनेक मिनिटांत गरम होतात. साधा भात घ्या, मसालेभात नको. तोफूचा मोमेन हा घट्ट प्रकार आणि किनु हा मऊ, किंमत बहुधा १०० येनच्या आसपास किंवा कमीच. उकडलेल्या एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा, काकडी, टोमॅटो, ४०० ग्रॅमचा साध्या दह्याचा डबा, केळी. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची पाकिटं नेलीत तर दहीभात आणि तोफू यांवर जेवण निभतं. थंडीच्या दिवसांत दाराजवळच्या गरम खड्यांच्या यंत्रात याकी-इमो, म्हणजे भाजलेली रताळी असतात. आख्खं रताळं कागदी पिशवीत मिळतं, सालासकट, मधासारखं गोड. चतुर्थी-एकादशी पाळत असाल तर यापेक्षा सोपा फराळ तिथे नाही. गोडात दाइफुकु (सारण भरलेले मऊ गोळे) आणि दांगो (काडीला लावलेले गोळे) बहुतेकदा तांदूळ, अडुकी (लाल घेवड्यासारखं कडधान्य) आणि साखरेचे, पण मिताराशी, म्हणजे गोड-खारट सॉस लावलेल्या, दांगोचा सॉस तपासा. पुडिंग-जेलीत जिलेटिन असू शकतं. कान्तेन (आगर) लिहिलं असेल तर चालेल.

दुधाच्या खोक्यांत सोयाचं पेय, मलई काढलेलं दूध, चवीचं दूध सगळं शेजारी-शेजारी असतं. शुद्ध दुधाच्या बहुतेक खोक्यांना वरच्या कडेवर एक छोटी अर्धगोल खाच असते. ती मुळात अंध ग्राहकांसाठी, पण लिपी न येणाऱ्यालाही तितकीच कामाची. तसंच फळांची चित्रं असलेले रंगीत कॅन सरबत समजून उचलू नका. त्यातले बरेच चुहाय असतात, म्हणजे दारू. कुठे ठेवलेत ते पाहा, बिअरच्या रांगेत असतील तर शंकाच नको.

किमतीच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा कराआधीचा, छोटा करासह. खाद्यपदार्थांवर कर ८ टक्के, दारू आणि इतर वस्तूंवर १०. म्हणजे मोठा २९८ आणि छोटा ३२१.८४ दिसेल, पैसे द्यायचे ते दुसऱ्या आकड्याप्रमाणे. दुकानातल्याच टेबलावर बसून खाल्लं तर त्याला १० टक्के लागतो.

संध्याकाळी ६-७ नंतर कर्मचारी तयार डब्यांवर सवलतीचे स्टिकर लावत फिरतात: आधी १०-२० टक्के, मग ३०, आणि बंद व्हायच्या सुमारास निम्मी किंमत. वेळ दुकानागणिक बदलते. मात्र शाकाहारींना याचा फायदा मर्यादित, कारण स्टिकर लागतात ते बहुतेक सुशी, तळलेलं आणि बेंतो (तयार जेवणाचे डबे) यांवर. तुमच्यासाठी तोफू, ब्रेड आणि कापलेली फळं पाहा. कर्मचाऱ्याच्या मागे मागे फिरणं किंवा स्टिकर लावून मागणं तिथे असभ्य समजतात.

पैसे देईपर्यंत सगळं दुकानाच्या टोपलीतच ठेवा, स्वतःच्या पिशवीत नाही. काउंटरवर दोन प्रश्न येतात, पॉइंट कार्ड आहे का आणि पिशवी हवी का. दोन्हींना ‘दाइजोबु देस’ (ठीक आहे, नको) म्हणून हात हलवला की झालं. २०२० च्या जुलैपासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, साधारण ३ ते ५ येन, म्हणून घडीची पिशवी जवळ असू द्या. बऱ्याच ठिकाणी कर्मचारी फक्त स्कॅन करतो आणि पैसे शेजारच्या यंत्रात भरायचे असतात, तो हाताने यंत्र दाखवतो. पूर्ण सेल्फ काउंटरवर सवलतीच्या स्टिकरवर वेगळा बारकोड असेल तर तोच स्कॅन करा. मूळ बारकोड स्कॅन झाला तर पूर्ण किंमत लागते. कार्ड बहुतेक मोठ्या साखळ्यांत चालतं, पण काही स्वस्त दुकानं फक्त रोख घेतात, म्हणून दोन-तीन हजार येन खिशात ठेवा.

सामान भरायचं ते काउंटरवर नाही, पलीकडच्या टेबलांवर. तिथे पातळ पिशव्यांचे रोल, ते उघडायला ओला स्पंज, बऱ्याचदा मायक्रोवेव्हही असतो. दाराशी खोकी दिसतील, ती धुतलेले ट्रे आणि दुधाची रिकामी खोकी पुनर्वापरासाठी जमा करायची. जेवणाचा कचरा त्यांत टाकू नका, मुक्कामी घेऊन जा.