उन्हाळी इंटर्नशिप: लॅब की विहिरी?

प्रश्न: ताई, मी नाशिकला बी.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक पुण्यातली लॅब, दुसरी सिन्नरकडची भूजलाचं काम करणारी संस्था. तिथे मे महिन्यात गावोगावच्या विहिरींची पातळी मोजायची आहे. त्यातून भूशास्त्र काय शिकणार, असं घरचे विचारतात. तुम्ही हे काम केलंय. काय करू?

उत्तर: विहिरींवर जा. लॅब नंतरही मिळेल. मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं आणि खडकाचा अख्खा छेद उघडा पडतो. पुरंदर तालुक्यात मी तो मन लावून पाहिला. वर माती, मग मुरूम, खाली मांजऱ्या खडक (बारीक पोकळ्यांचा लाव्हा), त्याखाली काळा पाषाण. एका विहिरीत दोन लाव्हा प्रवाहांच्या मधोमध तांबडा थर होता, पुस्तकातला ‘रेड बोल’. खालच्या प्रवाहाच्या माथ्याची झीज होऊन माती व्हायला लागली, तेवढा काळ वरचा प्रवाह आलाच नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांमधली ती उसंत. त्या चिकट थरातून पाणी सहज खाली उतरत नाही. भिंतीला ओल होती ती नेमकी त्याच्या वर.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाचा. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही, ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. म्हणून बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींचं पाणीही सारखं नसतं. मालकाला विचारल्याशिवाय हे कळत नाही. तिथल्या एका आजोबांनी काठावरून बोट दाखवून सांगितलं, “दक्षिणेचा झरा संक्रांतीलाच बसतो, उत्तरेचा शिमग्यापर्यंत चालतो.” नंतर नकाशा काढला तर उत्तरेकडच्या भेगा थेट ओढ्याकडे गेलेल्या. हे असं शिकायला मिळतं, हे घरी जरूर सांग.

पातळी मोजताना टेपच्या आकड्यातून कठड्याची उंची वजा कर, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. पंप नुकताच बंद केला असेल तर पाणी भरून येईपर्यंत थांब. विहिरीत मात्र उतरू नकोस. तळाची हवा कधीकधी जीवघेणी असते, सुटे दगडही निसटतात. छेद काठावरून दुर्बिणीने बघ.

होकार कळवण्याआधी संस्थेला एवढं विचार, की सोबत कुणी भूवैज्ञानिक फिरणार आहे का आणि गोळा केलेली माहिती तुला प्रकल्पासाठी वापरता येईल का. दोन्हींना नकार आला आणि नुसते तक्तेच भरायचे असतील, तर लॅब निवड.