भूल उतरेल ना, मॅडम?

गेल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न मी किती जणांच्या तोंडून ऐकला, ते मोजायचं सोडून दिलंय. गुडघा बदलून घ्यायला निघालेले निवृत्त मास्तर, गर्भपिशवी काढायचं ठरलेल्या एक बाई, हर्नियाची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकललेला रिक्षावाला. सगळे फिरून फिरून तिथेच येतात. "ऑपरेशनचं काही नाही हो मॅडम, पण भूल दिल्यावर परत उठेन ना मी?"

आमच्या भागात आजारपण म्हणजे मिरज. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं मिरजेची वाट धरू लागली. तरी खेड्यात "त्याला मिरजेला नेलं" हे आजही आवाज खाली घेऊनच सांगतात. माणूस बरा होऊन आल्याची बातमी मात्र एवढ्या हळू आवाजात कुणी सांगत नाही, म्हणून ती फारशी ऐकूही येत नाही. त्यात घरच्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "काही होत नाही, घाबरू नको." बावीस वर्षं समुपदेशकाच्या या खुर्चीत बसतेय, या वाक्याने कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. फार तर माणूस गप्प होतो. घरच्यांना तेवढं पुरतं.

तासगावकडच्या एका काकींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय साठीच्या आत-बाहेर, द्राक्षबागेत राबलेल्या. पित्ताशयात खडे. दोनदा पोटात अशी कळ आली की रात्रीची गाडी करून आणावं लागलं. सर्जननी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सांगितली. पहिल्या तारखेला काकींनी पहाटे कपभर चहा घेतला आणि ते कळल्यावर शस्त्रक्रिया पुढे गेली. दुसऱ्या तारखेला अंगावर हिरवा गाऊन चढवून झाला होता. सिस्टर वळल्या तेवढ्यात काकींनी लुगडं नेसलं, पिशवी उचलली आणि सरळ स्टँड गाठला. मुलगा माझ्याकडे आला तो रडकुंडीला येऊन.

घरच्यांकडे कारण तयार होतं. काकींचे थोरले भाऊ ऑपरेशननंतर गेले, तेव्हापासून आईने धसका घेतलाय. काकींना विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं हृदयच निम्मं चालत हुतं. त्यो तसा बी जाणारच हुता. त्याचा आन माझा काय संबंध?"

मग त्या भुलीवर आल्या. "भूल म्हंजे काय ते मला ठावं हाय. रानात भूलवेल वलांडली की माणूस चकतंय. घर समोर असतंय, पर रस्ता गावत न्हाई."

मी थांबलेच. एवढी वर्षं हा शब्द वापरतेय आणि त्याच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. १८४६ साली बॉस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया घडवून आणली, त्याच वर्षी या अवस्थेला इंग्रजीत 'ॲनेस्थेशिया' हे जे नाव मिळालं त्याचा अर्थ नुसता 'संवेदना नसणं' असा. आपण निवडला 'भूल'. भूल पडते, भूल घालतात, भुललेलं माणूस परत येईलच असं नाही. भाषेनेच भीती पेरून ठेवल्यावर पेशंटला काय बोल लावायचा!

काकींना वाटत होतं, एक जबरदस्त इंजेक्शन देतात आणि मग आपलं शरीर त्याच्याशी झुंजून जमलं तर वर येतं. हा समज फार जणांचा असतो. प्रत्यक्षात झोप आणणारं पहिलं औषध काही मिनिटांतच ओसरतं. पुढची भूल वायूने किंवा शिरेतून सतत चालू ठेवावी लागते आणि शस्त्रक्रिया संपत आली की ती बंद करतात. काकींना म्हटलं, विहिरीवरच्या मोटारीसारखं आहे. बटण चालू तोवर पाणी, बंद केलं की संपलं.

"आन मधीच लाइट गेली तर?"

तासगाव तालुक्यातल्या शेतकरणीने हा प्रश्न विचारायलाच हवा होता. रुग्णालयात जनरेटर असतो, भुलीच्या यंत्रांना बॅटरी असते. सगळंच बंद पडलं तर हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी उशाशी असते आणि ती दाबणारं माणूस तुमच्या डोक्याशीच बसलेलं असतं. हे ऐकून त्या खुलल्या. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र कोविडच्या काळात घरातच आलेलं होतं. तेच तिथेही सबंध वेळ लावतात म्हटल्यावर मान डोलावली. पुढच्या भेटीत, सून पाणी आणायला बाहेर गेली तेवढ्यात, दिवसातून पाच-सहा वेळा मशेरी लावत असल्याचंही कबूल केलं. घरात सांगितलं होतं की सोडली. मला वाटलं, हेच ते दडलेलं! भूलतज्ज्ञांना हे कळणं गरजेचं असतं, कारण तंबाखूचा नाडीवर, रक्तदाबावर परिणाम होतो आणि हिरड्या सुटून हलायला लागलेला दात श्वासाची नळी घालताना पडू शकतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तारीख ठरली आणि काकींच्या डोक्यात आदल्या दिवशी कळा यायला लागल्या. तारीख रद्द.

माझी घडण विचार तपासणाऱ्या परंपरेतली. माणसाला छळतं ते घटनेपेक्षा घटनेबद्दल त्याने मनाशी धरलेलं वाक्य, ही माझी श्रद्धाच म्हणा. ते वाक्य पकडायचं आणि "कशावरून?" असं विचारत राहायचं. काकींच्या "मी उठणार न्हाई" या वाक्याला मी सगळ्या बाजूंनी खणून काढलं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी "पटलं" म्हणत होत्या. त्यांना पटलंही होतं. मग अडत कुठे होतं?

चौथ्या भेटीत मुलाला आणि सुनेला चहाला पाठवलं आणि म्हटलं, "काकी, तुमचंच खरं धरू. पण उलटं. समजा, देवाने लिहून दिलंय की तुम्ही ठणठणीत उठणार. मग उद्या जाल?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते. मी काही बोलले नाही. आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन, अशा वेळी आपण बोलायचं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "उठल्यावर माणूस काय बोलतंय ते त्याला कळतंय का?"

त्यांच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, खूप वर्षांपूर्वी. दुसऱ्या रात्री म्हातारी बरळायला लागली. वॉर्डात सगळा गोतावळा बसलेला, आणि धाकट्या जावेच्या पाटल्या कुणी मोडून खाल्ल्या ते ती नाव घेऊन सांगत सुटली. "खरं हुतं का खोटं, कुणी इचारलंच न्हाई. दिवाळीच्या आत चुली मातूर येगळ्या झाल्या." मग माझ्याकडे न बघता, "माझ्या बी पोटात एक गोष्ट हाय. चाळीस वर्सं हाय. ती सुनंच्या म्होरं भाईर पडली तर मी उठून तरी काय करू?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. मी इतके दिवस ज्या वाक्याशी झटत होते ते काकींचं नव्हतंच. ते घरच्यांनी त्यांना देऊ केलेलं होतं आणि त्यांनी ते घेतलं, कारण मरणाची भीती चारचौघांत सांगता येते. लाज सांगता येत नाही. यंत्रं, बॅटऱ्या, आकडे यांनी भीती निवते. लाजेला त्यातलं काहीच लागू पडत नाही. ती गोष्ट कोणती, हे मी विचारलं नाही. मला त्याची गरज नव्हती, आणि गरज नसताना विचारणं म्हणजे चौकशी.

उत्तर मात्र माझ्याकडेही नव्हतं, म्हणून भूलतज्ज्ञ डॉक्टर बाईंची वेळ घेतली. ही मंडळी एका रुग्णालयातून दुसऱ्यात पळत असतात. पेशंटला ती शस्त्रक्रियेच्या आधी पाच मिनिटं दिसतात, तीही मास्क लावलेली. या बाई बसल्या. काकींनी, माझ्याकडे एकदा बघून घेऊन, स्वतःच विचारलं.

"काकी, तुमच्या घशात नळी असणार. ती आवाजाच्या पट्ट्यांमधून जाते. ती आहे तोवर आवाज फुटतच नाही, बोलणार कुठून? नळी काढल्यावर थोडा वेळ माणूस अर्धवट असतो, तेव्हा कुणी पाणी मागतं, कुणी म्हशीचं विचारतं. क्वचित एखादं माणूस भलतंही बोलतं. तिथे मी आणि सिस्टर, तिसरं कुणी नाही."

"आन तुमी ऐकलं तर?"

"मी रोज ऐकते. त्यातलं काहीही या दारातून बाहेर जात नाही."

सासूबाईंचं बरळणं ही वेगळी गोष्ट होती, तेही त्यांनी सांगितलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर फार वयाच्या माणसांना एखाद-दोन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. दुखणं, जागरण, संसर्ग, औषधं, अनोळखी जागा असं सगळं त्याला कारण होतं. त्या भरात खरं, स्वप्नातलं, ऐकलेलं सगळं एकत्र येतं. त्यावर कुणी न्यायनिवाडा करू नये.

"मग पुरी सुद येईस्तवर पोराला आत सोडायचं न्हाई. सुनंला बी न्हाई."

"नाही सोडणार." आणि बाईंनी तसं कागदावर लिहिलं. काकींना वाचता येत नाही, पण लिहिताना त्यांनी नीट पाहिलं.

त्या दिवसापासून "उठेन ना?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तोच उलटा प्रश्न टाकते. समजा नक्की उठणार, मग जाल? काही जण हो म्हणतात, त्यांची भीती खरंच तेवढीच असते. बाकीचे अडखळतात. मास्तरांना लघवीच्या नळीचा संकोच होता. आपल्याच विद्यार्थिनी तिथे सिस्टर आहेत म्हणे. गर्भपिशवीवाल्या बाईंचं मंगळसूत्रावर अडलं होतं. ते काढायला सांगतात कारण रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका असतो. त्यांना म्हटलं, सिस्टरच्या हातात नका देऊ, नवऱ्याच्या हातात द्या. त्यांनी तसंच केलं. एका कॉलेजच्या मुलाला मोबाइलवर काहीतरी पाहून मध्येच जाग येण्याची धास्ती होती. तसं घडतं, ते मी नाकारलं नाही. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१४च्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलीच्या सुमारे १९,००० वेळांमागे एक अशी तक्रार नोंदली गेली. खरा आकडा ऐकून तो "काही होत नाही"पेक्षा जास्त शांत झाला.

कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीत देतात त्या सुईबद्दलही सतत विचारतात. सिझर झालेल्या निम्म्या बायका आपली कंबर त्या सुईच्या नावावर मांडतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली देतात. जागा काही दिवस दुखते, काहींचं डोकं दुखतं. ते झालं तर लगेच कळवायचं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला बहुतेकदा दुसरीच कारणं असतात. बाळाला उचलणं-वाकणं, आणि बाळंतपणानंतर महिन्याभरात परत शेतात.

आणि तो चहा! आमच्याकडे चहा म्हणजे पाण्यातच जमा धरतात. पण त्यात दूध असतं, म्हणून दुधाच्या चहाला आणि हलक्या खाण्याला सहा तास, तेलकट-मटणाच्या जेवणाला आठ किंवा अधिक. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ हीच खरी. भुलीत घशाची राखण सैल पडते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. चुकून चहा घेतला गेलाच तर सांगून टाका. तारीख जाईल, एवढंच. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. कुठली घ्यायची नि कुठली थांबवायची, ते एकेकीचं नाव घेऊन विचारा. मशेरी, दारू, कवळी, हलणारा दात, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला, हे सगळं सांगा. सुनेसमोर जमत नसेल तर तिला बाहेर पाठवून सांगा. "फिटनेस घेतला", म्हणजे तब्येत शस्त्रक्रियेला चालेल असा डॉक्टरांचा दाखला मिळाला, की भूलतज्ज्ञांची भेट झाली असं समजू नका. ती वेगळी असते, आणि पुष्कळदा मागावी लागते. जरूर मागा.

काकींचं ऑपरेशन झालं. मुलाचा फोन आला, "मॅडम, आई उठली. पण अर्धा तास आम्हाला आत सोडलंच नाही हो, काय नियम म्हणे."

"असेल," म्हटलं.

टाके वाळल्यावर काकी शेंगांची पिशवी घेऊन आल्या. डॉक्टर बाईंना त्यांनी विचारून घेतलं होतं. गोठ्यातला दिवा बंद केला का, एवढंच म्हणे त्या बोलल्या होत्या. नणंदेचा गुडघा करायचाय, तिला घेऊन येते म्हणाल्या. मुलगा गाडी वळवायला गेला तरी उठेनात.

"म्याडम, ती गोष्ट तुमास्नी सांगू का?"

"सांगावीशी वाटत असेल तर सांगा."

त्यांनी थोडा विचार केला. मग शेंगांची रिकामी झालेली पिशवी घडी घालून कमरेला खोचली.

"नगं. ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.