खिडकीबाहेरचं भेगाळलेलं रान

प्रश्न : काका, मी शिक्षिका आहे. माजलगाव ते परळी रोज एसटीनं जाते-येते. प्रवासात निसर्ग खूप शिकवतो असं लिहिणारे सगळे केरळ नाहीतर हिमालय फिरून आलेले असतात. माझ्या खिडकीतून एप्रिल-मेमध्ये दिसतं ते उघडं काळं रान आणि भेगा. त्यातून काय शिकावं?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : बाई, त्याच रस्त्यावर मी अकरा वर्षं तिकिटं फाडली. भेगा बघून मलाही वाटायचं, रान मेलं.

एका मेमध्ये सिरसाळ्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. प्रवासी बाभळीखाली बसले. शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या बाबांनी हातातली काठी भेगेत सोडली. निम्मी आत गेली. म्हणाले, "पाव्हणं, हे रान आपलं आपण नांगरतंय." काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून तडकते. वरचा भुगा वाऱ्यानं भेगेत पडतो, म्हणजे वरची माती खाली जाते. मृगाचं पहिलं पाणी त्याच वाटेनं सरळ पोटात उतरतं. पुढं माती फुगून भेगा मिटल्या की तेच रान पाणी घेईना होतं. वर तुंबतं, चिबडतं. आत मुरलेल्या ओलीवरच थंडीतली ज्वारी उभी राहते. हुरडा खाताना भेगा कुणाला आठवतात म्हणा!

आता माझं सांगतो. उन्हाळ्यात गाडीत माणसं तडकतात. सुट्ट्या पैशांवरून, खिडकीवरून, कशावरूनही. आधी मीही तडकायचो. त्या दिवसानंतर तडकलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचो, तिकिटाचं मागून. बरेचदा जमायचं. एकानं मात्र बाटली घेऊन माझ्याच अंगावर रिकामी केली. ऊन होतं, बरंच वाटलं.

प्रत्येक झाडा-दगडातून उपदेश पिळून काढणारी माणसं मला सोसत नाहीत. पळस बघावा आणि गप बसावं. पण भेगांचं तसं नाही, त्या मला कामाला आल्या.

एक करा. सुट्टी लागायच्या आधी ओळखीच्या एखाद्या बांधालगतची मोठी भेग हेरून ठेवा. शाळा उघडल्यावर, पाऊस पडून गेला की त्याच जागी बघा. मिटली असेल तर किती पावसांत मिटली, ते मला कळवा. वर्गातल्या पोरांना विचारलंत तर ती तुमच्या आधी सांगतील.