भावाला कुत्रा चावून तीन आठवडे झाले, जखमही भरली. आता रेबीजची लस घेऊन उपयोग आहे का?

उपयोग आहे. भावाला आजच जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, बाकीचं नंतर वाचा. जखम भरली, त्याला काही त्रास नाही आणि कुत्रा परत दिसला नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातल्या एकाही गोष्टीवर विसंबून थांबू नका. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून यामागचं कारण जरा सविस्तर सांगते.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, एक टोक गोलसर आणि दुसरं सपाट. लांबी साधारण 180 नॅनोमीटर. आत आरएनएचा एकच धागा, त्यावर अवघी पाच जनुकं. बाहेरून स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण आणि त्यावर ग्लायकोप्रोटीनचे, म्हणजे साखर जोडलेल्या प्रथिनाचे, काटे. ज्या पेशीत विषाणू तयार होतो, तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. आवरण स्निग्ध असल्यामुळे साबणापुढे त्याचा टिकाव लागत नाही. चावल्याबरोबर जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवा, असं सांगतात ते त्यासाठीच. आपल्याकडे मात्र आधी हळद, चुना नाहीतर तिखट आठवतं आणि धुणं राहून जातं. घरात साबण असताना असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

चावल्यावर लाळेतला विषाणू स्नायूत शिरतो. तिथे तो काही काळ रेंगाळतो, थोडाफार वाढतो. रक्तात तो जवळजवळ उतरतच नाही, त्यामुळे शरीराला त्याचा सुगावा लागत नाही आणि माणूस ठणठणीत दिसतो. पुढे त्याचे काटे मज्जातंतूच्या टोकाला चिकटतात आणि पेशी त्याला आत घेते. टोकाकडून मुळाकडे सामान वाहून नेणारी प्रथिनं त्या तंतूत असतातच, त्यांच्याच आधाराने तो मज्जारज्जूकडे सरकतो. वेग दिवसाला फार तर काही सेंटिमीटर. पायापासून मेंदू लांब, चेहऱ्यापासून जवळ; म्हणून तोंडावर किंवा मानेवर चावा बसला तर हाताशी वेळ कमी असतो. लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, पण कधी आठवडाभरात तर कधी वर्ष उलटल्यावरही. भावाच्या तीन आठवड्यांचा अर्थ एवढाच, की अजून वेळ गेलेली नाही.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणू झपाट्याने वाढतो. तिथून तो नसांमधूनच उलट बाहेर निघतो आणि लाळग्रंथींत उतरतो. रुग्णाला तहान असते, पण पाण्याचा पेला ओठांशी नेला की घशाचे स्नायू आवळतात. लाळ गिळता येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचंही तसंच: तोंडात विषाणूने भरलेली लाळ आणि दिसेल त्याला चावायची वृत्ती. पुढच्या शरीरात जायची वाट अशी तयार होते. या टप्प्यावर हमखास लागू पडेल असं औषध आजही नाही. वाचलेले रुग्ण जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 59,000 माणसं रेबीजने जातात, त्यातली एक तृतीयांशाहून अधिक भारतात.

म्हणून जे करायचं ते विषाणू वाटेत असतानाच. लसीमुळे आपल्या शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवरची उणीव भरून काढायला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. ती काट्यांना चिकटून विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत. जखम भरली असली तरी डॉक्टरांना त्याबद्दल स्वतःहून विचारा, आणि चावा कसा, किती खोल होता तेही सांगा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने भाऊ टाळत असेल, तर ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आता दंडात घेतात: पहिल्या दिवसानंतर 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी. कातडीत टोचायच्या पद्धतीत 14व्या दिवसाचा डोस नसतो. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. लाळेत विषाणू आलेला कुत्रा सहसा तेवढ्यात मरतो, म्हणून दहा दिवसांनी धडधाकट असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. पण त्यासाठी कुत्रा नजरेसमोर हवा आणि लस पहिल्या दिवशीच सुरू झालेली हवी. तुमच्याकडे कुत्राच सापडत नाहीये, तेव्हा सगळे डोस पूर्ण करा.