अमेरिकेत .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी घरी गोळ्या ओतायच्या आहेत. शुद्ध शिसं घ्यावं की लायनोटाइपचा (छपाईची अक्षरं ओतायच्या जुन्या यंत्राचा) कडक धातू?

दोन्ही नको, २० भाग शिसं आणि १ भाग कथील असा मिश्रधातू घ्या. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा (आकडा जितका मोठा, तितका धातू कडक) जेमतेम ५, लायनोटाइपचा २२ च्या आसपास आणि या मिश्रणाचा साधारण १०. .३८ स्पेशलचा दाब कमी असतो. गोळी फार कडक असली तर तिचा तळ फुगून नळीला घट्ट बसत नाही, गरम वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिशाचा थर चढतो. म्हणजे 'जितकी कडक तितकी चांगली' हा समज इथे उलटाच पडतो. मीही याच काडतुसासाठी हेच मिश्रण वापरतो. कथलामुळे रस साच्यात नीट भरतो. ते कमी पडलं की गोळीवर सुरकुत्या दिसतात आणि कडा बोथट येतात.

गाडीच्या चाकांचा तोल साधायला रिमवर लावतात ती जुनी क्लिपवाली वजनंही चालतात, वर २ टक्के कथील घाला. पण ती आधी निवडून घ्या. 'झेडएन' लिहिलेली जस्ताची असतात आणि थोडं जस्त मिसळलं तरी रस लापशीसारखा होऊन सगळी खेप वाया जाते. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० ला. त्यामुळे आच ४०० च्या आत ठेवली तर चुकून आलेले जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते पळीने काढून टाका.

हे सगळं नेमबाजीच्या सरावापुरतं. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे.